जमिनीपासून खुर्चीपर्यंत

घशातली गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो हेमंतचा. माझं काय व्हायचं ते होईल, पण मग त्याला जमिनीवरून उठवणार कोण? डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना वाटलं असेल, बाईंना बातमी नीट कळलेली दिसत नाही. कळली होती हो, चांगली कळली होती. फलटणच्या मुलींच्या शाळेत सारा जन्म मी पी.टी. शिकवली. मी मैदानावर हाक मारली की बाजारातली माणसं वळून बघायची. तो आवाज आता जाणार होता, आणि माझ्या भावाचं उठणं त्या आवाजावर अवलंबून होतं. हे डॉक्टरांना दोन वाक्यांत कसं सांगणार?

आता बोलता येत नाही म्हणून लिहून सांगतेय. वाचताना मी ओरडतेय असं वाटलं तर खुशाल वाटू द्या. सवय आहे.

हेमंत माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चड्डीत होता आणि मी नुकती नोकरीला लागले होते. त्याला मी वाढवलं. शाळा कुठली, कॉलेज कुठलं, दूध संघाच्या प्रयोगशाळेतली नोकरी, सगळं मी ठरवलं. त्याच्यासाठी स्थळं मी बघितली आणि नापसंतही मीच केली. तो म्हणायचा, 'बरं, ताई.' उभ्या आयुष्यात या पोरानं मला उलटून उत्तर दिलं नाही. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मलाही तसंच वाटायचं.

मग एका सकाळी आंघोळीला जाताना तो दारातच कोसळला. पक्षाघात. डावी बाजू गेली. वाचा तेवढी शाबूत राहिली, पण वाचा वापरायची हौस त्याला आधीपासूनच नव्हती.

अशा माणसाला पलंगावरून खुर्चीत घेणं जमतं. खरी पंचाईत होते तो जमिनीवर पडला की. निम्मं अंग ओल्या वाळूच्या पोत्यासारखं, आणि उरलेलं निम्मं घाबरलेलं. पहिल्यांदा पडला तेव्हा मी काय केलं, तर लुळा हात धरून ओढलं. शहाणी ना मी. खांदा निखळला. लुळ्या बाजूचा खांदा नुसता कातडीवर लटकलेला असतो, स्नायू त्याला धरत नाहीत, म्हणून त्या हाताला ओढायचं नाही आणि काखेत हात घालून उचलायचंही नाही. हे मला नंतर तन्वीनं शिकवलं.

तन्वी इनामदार ही फिजिओथेरपिस्ट. वयानं माझ्या विद्यार्थिनींच्या मुलींएवढी. तिनं सांगितलं की माणूस पडला की आधी घाई करायची नाही, कुठं लागलंय का बघायचं, श्वास घेऊ द्यायचा. मग त्याला चांगल्या कुशीवर वळवायचं. चांगल्या कोपरावर, मग हातावर भार देऊन बसतं करायचं. खुर्ची समोर आणायची, तिची पाठ भिंतीला टेकलेली हवी. त्यानं गुडघ्यांवर यायचं, चांगला हात बैठकीवर ठेवायचा, चांगलं पाऊल पुढं टेकवायचं, नाक गुडघ्याच्याही पुढं न्यायचं आणि मग उठून वळायचं. आपण लुळ्या बाजूला, जरा मागं राहायचं, आणि कमरेला धरायचं. वाचायला सोपं आहे. माझ्या वयाच्या बाईनं त्याच्या वजनाच्या माणसाला असं करून दाखवावं, मग बोलू.

म्हणून ते जाकीट आलं. आता पुष्कळ घरांत दिसतं, तेव्हा नवीन होतं. जाकीट म्हणायचं, पण ते एका बाजूनं पायाच्या घोट्यापर्यंत जातं. त्याच्या कापडात असे धागे विणलेत की वीज मिळाली की ते आवळतात, अगदी स्नायूसारखे. डोक्याला एक पट्टी असते आणि कपाळाशी एक बारीक दिवा. आपण हात हलवतो त्याच्या क्षणभर आधी मेंदूत तयारी सुरू होते, एक मंद लाट उठते. अर्धांग झालेल्या माणसातही ती लाट उठते, फक्त ती स्नायूंपर्यंत पोचत नाही. पट्टी ती लाट टिपते, दिवा हिरवा होतो, जाकीट लुळ्या बाजूला आवळतं आणि माणूस उठतो. म्हणजे माणसानं उठायचं मनात आणायचं आणि जाकिटानं त्याला साथ द्यायची.

मी म्हटलं, त्यापेक्षा एक बटण द्या की माझ्या हातात. तन्वी म्हणाली, सुरुवातीला बटणाचंच बनवलं होतं. पण जाकीट उठायला निघायचं आणि माणूस मनानं खालीच असायचा. चांगल्या पायावर भार आलेला नसायचा, तोल जायचा, खांदे निखळायचे. म्हणून बटण काढून टाकलं. माणसाच्या इच्छेशिवाय जाकीट हलणार नाही, असा नियमच करून टाकला.

पण जाकिटाला आधी ती लाट ओळखायला शिकवावं लागतं, कारण प्रत्येकाची लाट वेगळी. तन्वीनं बजावलं होतं, की रोज थोडा वेळ त्याला सतरंजीवर एकट्याला राहू द्या. बोलू नका, सांगू नका, त्याच्या मनात येऊ द्या. आल्यावर यंत्र आपोआप शिकेल.

तिनं हे मला सांगितलं. मला!

मी प्रयत्न केला, खोटं नाही सांगत. स्वयंपाकघरात जाऊन बसले. परत येऊन बघते तर हा छताकडे बघत पडलेला, दिवा विझलेला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याच्या पायाशी उभी राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि मैदानावर द्यायचे तसे हुकूम सोडले. कुशी! कोपर! हात! गुडघे! खुर्ची धर! पाऊल पुढं! नाक पुढं! ऊठ!

आणि दिवा हिरवा झाला हो. माझा भाऊ सतरंजीवरून उठून खुर्चीत बसला. मी रडले. मग रोज तसंच केलं, आणि यंत्र भराभर शिकलं. तन्वी आली, तिनं बघितलं, तिचेही डोळे भरले. तिनं विचारलं, तुम्ही काही बोलत तर नव्हता ना? मी म्हटलं, थोडंफार.

पुढचं वर्ष चांगलं गेलं. तो पडायचा, मी ओरडायची, तो उठायचा. शेजारच्या मोमीनभाभी गमतीनं म्हणायच्या की तुमच्या घरी रोज पंधरा ऑगस्ट असतो. मीही हसायची.

मग मी घसा दाखवायला साताऱ्याला गेले, आणि हेमंत दुपारीच पडला. मोमीनभाभी धावत आल्या. त्यांनी कुशी-कोपर सगळं म्हणून बघितलं, माझ्या तोंडून ऐकून त्यांना ते पाठच झालं होतं. दिवा काही लागला नाही. उचलायला गेल्या तर खांदा दुखतो म्हणाला. शेवटी उशी दिली, पाणी पाजलं आणि माझी वाट बघत त्याच्याजवळ बसून राहिल्या. मी संध्याकाळी परतले, उंबऱ्यातूनच हुकूम सोडले, आणि हा पठ्ठ्या उठून बसला.

तन्वीनं यंत्रातली नोंद काढून पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. मला अंगणात नेऊन तिनं समजावलं. उठायची स्वतःची इच्छा झाली की लाट मेंदूच्या आतल्या बाजूनं उगवते. हेमंतची लाट तिथं उगवतच नव्हती. ती कानाकडून येत होती, आणि तीसुद्धा माझ्या शब्दावर नव्हे. कवायतीत आधी इशारा असतो, मग हुकूम. मधल्या क्षणात पोरं अंग आवरून तयार होतात. मी हुकमाआधी छाती भरून श्वास घेते ना, तोच हेमंतचा इशारा झाला होता. तो श्वास ऐकला की त्याचा मेंदू तयार व्हायचा. जाकीट त्याची इच्छा ओळखायला शिकलंच नव्हतं, ते माझं ऐकणं तेवढं ओळखायला शिकलं होतं.

'मग काय झालं?' मी म्हटलं. 'उठतोय ना?'

'तुम्ही आहात तोवर,' तन्वी म्हणाली.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी गाठीचं सांगितलं.

यंत्रातून आवाज काढता येतो, हे मलाही माहीत होतं. आता तर मेलेल्या माणसाचा आवाजही यंत्र हुबेहूब काढतं. तन्वीनं ऑपरेशनच्या आधीच माझे हुकूम, माझा श्वास, सगळं भरून घेतलं. पहिले काही दिवस दिवा लागला, आमचा जीव भांड्यात पडला. मग तो मंद होत होत बंद झाला. मी लिहायचं आणि यंत्रानं माझ्या आवाजात ओरडायचं, असंही करून झालं. मी त्याच्यासमोर बसून लिहीत होते तरी गुण आला नाही. तन्वी म्हणाली, आवाज तोच आहे, पण हा नाही ऐकला तरी चालतं, कुणी रागवत नाही, हे त्याच्या मेंदूला कळून चुकलंय. मी रागवतच होते. पण रागाला श्वास लागतो, आणि यंत्र कुठला श्वास घेणार?

आता एकच वाट उरली होती. जुनं सगळं पुसायचं आणि यंत्राला हेमंतची स्वतःची लाट शिकवायची. तन्वीनं यंत्र अगदी मोकळं करून द्यायची तयारी दाखवली, म्हणजे आतून उगवलेली बारीकशी लाटही त्याला पुरेल. फक्त ती उगवायला हवी. नाहीतर वाईजवळच्या एका शुश्रूषागृहात छताला यारी लावलेली असते, तिथं माणसाला झोळीत घालून उचलतात, बसवतात, धुतात. हेमंतला तिथं ठेवावं लागेल. मी एकटी, गळ्याला भोक पाडलेली, त्याला घरी सांभाळू शकणार नव्हते. त्याला घरी राहायचं असेल तर जमिनीवरून स्वतः उठता आलं पाहिजे. हे मी त्याला नीट सांगितलं. तो म्हणाला, 'बरं, ताई.'

तन्वीनं त्याला परोपरीनं विचारलं. कुठं जायचंय? काय खायचंय? कुणाला भेटायचंय? प्रयोगशाळेतले जुने सोबती बोलावले, ते चहा पिऊन गेले. त्याला आवडतात म्हणून ताजे पेढे टेबलावर ठेवले, हा खालून बघत राहिला. एकदा तिनं माझ्यासमोरच विचारलं, की काका, खाली पडल्यावर तुमच्या मनात नेमकं काय येतं? त्यानं चांगल्या हातानं लुळा हात मांडीवर नीट ठेवला.

मग म्हणाला, 'खाली बरं वाटतं. खाली कुणी काही करायला सांगत नाही.' माझ्याकडे बघून पुढं म्हणाला, 'ताई सांगते तेव्हा उठावंसं वाटतं. आपण होऊन कधी वाटलं नाही. आधीही नाही वाटलं.'

आधीही म्हणजे पक्षाघाताच्या आधीही. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच डबे पुसत बसले. इतका राग आला होता, की कुणावर काढावा कळेना. मी त्याच्यासाठी काय केलं नाही? आणि हा म्हणतो, कधी वाटलंच नाही. मग इतकी वर्षं मी ज्याला वाढवलं तो कोण होता? माझाच एक हात होता का?

ऑपरेशनच्या आदल्या शनिवारी आम्ही शेवटचा प्रयत्न केला. त्याला सतरंजीवर निजवलं, खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, आणि मी दाराआड तोंडात पदर घालून बसले. तन्वी खिडकीतून दिव्याकडे बघत होती. दुपार सरत चालली. त्याला तहान लागली असणार, तो ओठांवरून जीभ फिरवत होता. पाण्याचा तांब्या खुर्चीजवळच्या स्टुलावर होता. मग सतरंजी ओली झाली. मला वास आला, त्यालाही आला असणार. तो डोळे मिटून पडून राहिला. मी मनात म्हणत होते, हेमू, एकदा, फक्त एकदा तरी उठावंसं वाटू दे. तन्वीनं माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

मला राहवलं नाही. मी दारात आले, श्वास घेतला. गाठीमुळे आवाज फाटला होता, तरी दिवा लागला, तो उठला, खुर्चीत बसला. मी त्याचं धोतर बदललं. तो म्हणाला, 'ताई, तू चिडू नकोस.' मी म्हटलं की मी चिडले नाही. माझ्या खऱ्या आवाजावर तो उठला तो तेव्हाच, शेवटचा.

ऑपरेशन झालं. मी गळ्यातून श्वास घ्यायला लागले. त्याचा फुसफुस असा आवाज होतो, त्याला कुणी इशारा म्हणणार नाही. घशाला लावायचं एक यंत्र मला दिलं, ते माझ्याच जुन्या आवाजात बोलतं. मी ते कपाटात ठेवून दिलं. मी दवाखान्यात असताना तन्वीनं जाकिटातलं जुनं पुसून मोकळं करून ठेवलं होतं. मोमीनभाभी आणि त्यांचा जावई हेमंतचं बघत होते. रोज त्याला सतरंजीवर ठेवायचे आणि दोघं मिळून उचलून वर घ्यायचे. दिवा लागला नाही. शुश्रूषागृहाची गाडी सोमवारी येणार असं ठरलं. मी गुरुवारी घरी आले.

रविवारी दुपारी मी त्याच्यासाठी चहा करत होते. दुसऱ्या दिवशी तो जाणार, म्हणून आलं जरा जास्तच ठेचून टाकलं होतं. कप घेऊन निघाले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. स्वयंपाकघराच्या दारातच खाली आले. कप फुटला. डोकं चौकटीला लागलं, फार नाही, पण रक्त आलं. पाय माझं ऐकेनात. हाक मारायला तोंड उघडलं, गळ्यातून वारा तेवढा आला.

हेमंत समोर खुर्चीत होता. त्यानं मला बघितलं. त्याचं तोंड उघडं पडलं, आणि त्याच्या कपाळाशी दिवा हिरवा झाला.

कुणी काही बोललं नव्हतं. घरात बोलणारं कुणी नव्हतंच.

जाकीट आवळल्याचा बारीक आवाज आला. हेमंत पुढं वाकला, चांगला हात खुर्चीच्या बैठकीवर दाबला आणि खाली यायला लागला. सगळं चुकीचं करत होता. लुळं पाऊल आधी टाकलं, नाक कुठल्या कुठं, खुर्चीही भिंतीपासून सुटलेली. पूर्वी मी आभाळ डोक्यावर घेतलं असतं. तो गुडघ्यांवर आला, मग कोपरावर, मग चहातून, काचांतून सरकत माझ्याजवळ आला. डावा हात, दोन वर्षं गळ्यात बांधलेला तो हात, जाकिटानं उचलून माझ्या डोक्याखाली घातला. दिवा हिरवागार होता. मी त्या दिव्याकडे बघत राहिले. माझ्या भावाला काहीतरी हवंसं वाटलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गळ्यातलं भोक वेड्यासारखं फुसफुसत होतं.

मग दिवा विझला. त्याला जे हवं होतं ते झालं होतं.

तो माझ्या शेजारी आडवा पडला. डावा हात माझ्या मानेखालीच अडकला, आता परत लुळा. मी त्याच्या चांगल्या हाताला स्पर्श केला आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. दोनदा दाखवलं. ऊठ, असं ओठांनी म्हटलं. त्याला कळलं, सगळं कळलं.

'बरं, ताई,' तो म्हणाला.

त्यानं खुर्चीकडे बघितलं. मी त्याच्या कपाळाकडे बघितलं. दिवा लागला नाही. तो परत परत 'बरं' म्हणत होता, दर वेळी जरा हळू. मी बोट दाखवणं थांबवलं.

'आता काय करायचं, ताई?' त्यानं विचारलं.

 मोमीनभाभी संध्याकाळच्या भाकऱ्या झाल्याशिवाय येत नाहीत. चहा माझ्या पाठीखाली थंड होत गेला, आणि आम्ही दोघं तसेच पडून राहिलो.